बिळांतली परीक्षा

कुत्र्याशीं बोलावयाचें तर आमच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या एकच शब्द चालत आला, आणि तो म्हणजे 'हाड'. सोंवळ्यांतल्या माणसाच्या वाटेंत तें जनावर येऊं नये आणि पानाला त्यानें तोंड लावूं नये, एवढाच काय तो आमचा व त्याचा संबंध. पाणिनीनें कुत्रा, तरुण आणि देवांचा राजा इंद्र या तिघांना एकाच सूत्रांत दाटीनें बसविलें आहे, हें सांगतांना वर्गांत दरवर्षीं हंशा पिके आणि आम्हीही त्यांत सामील होत असूं. परंतु इंद्राच्या पंक्तीस बसलेल्या त्या प्राण्याकडे एकदां नीट पाहावें, असें वयाचीं पासष्ट वर्षें उलटेपर्यंत आमच्या मनांत आलें नाहीं. तो योग यावयाचा होता तो सातासमुद्रांपलीकडे.

२०२४ सालच्या सप्टेंबरांत आम्ही चिरंजिवांकडे अमेरिकेंत गेलों. न्यू जर्सी संस्थानांत एडिसन या गांवीं त्यांचें बिऱ्हाड आहे. थोर संशोधक थॉमस एडिसन यानें १८७६ सालीं ज्या मेन्लो पार्कांत आपली प्रयोगशाळा उभारली, तें याच गांवाच्या हद्दींत. १९५४ सालीं गांवानें त्याचें नांव धारण केलें. आज तेथील ओक ट्री रोडवर कढीलिंबापासून पोह्यांपर्यंत सारें मिळतें, त्यामुळें आपण परमुलुखांत आहोंत हें विसरावयास फारसे सायास पडत नाहींत. आम्हांस परमुलूख आठवे तो घरांतच, चिंचोका समोर आला म्हणजे.

चिंचोका हा चिरंजिवांच्या घरचा कुत्रा. जातीनें बॉर्डर टेरियर. इंग्लंड व स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशांत ही जात निपजली, म्हणून तिचें नांव बॉर्डर. वजन सहा-सात किलो, अंगावर खरखरीत तांबूस-काळसर केंस, आणि डोकें पाणमांजराच्या डोक्यासारखें. छाती इतकी अरुंद असावी लागते कीं दोन्ही हातांच्या कवेंत ती मावली पाहिजे. कारण बिळांत शिरणें हेंच तिचें परंपरागत काम. आठ वर्षांपूर्वीं हें पिल्लू घरीं आणलें तेव्हां आमची नात पांच वर्षांची होती. दूरध्वनीच्या पडद्यावर त्याला पाहून आमचें कुटुंब म्हणालें, "अगबाई, हा तर चिंचोका!" आणि तेंच नांव कायम झालें. दर रविवारीं सकाळीं बोलणें होई. नातीची चौकशी झाली कीं त्याचीही पाळी येत असे. आमचें कुटुंब २०२१ सालीं वारलें. रविवारचें बोलणें पुढेंही चालू राहिलें, पण कुत्र्याची चौकशी करण्याचें आम्हांस कांहीं सुचलें नाहीं.

प्रत्यक्ष त्याच्या घरांत राहावयास गेल्यावर आम्ही त्याच्यापासून दोन हात दूरच राहत होतों, आणि त्यालाही तें उमगलें असावें. आमच्या खोलीच्या उंबरठ्यापाशीं तो येऊन बसे. आंत पाऊल टाकीत नसे.

ऑक्टोबरांतील एका शुक्रवारीं रात्रीं जेवतांना नात म्हणाली, "आजोबा, उद्यां आणि परवां चिंचोक्याची परीक्षा आहे. तुम्ही याल?" अडतीस वर्षें मास्तरकी केलेला मनुष्य परीक्षा हा शब्द ऐकून घरीं कसा बसेल?

सकाळीं सहाला मोटारीनें निघालों. पश्चिमेच्या वाटेनें तासाभरांत डेलावेर नदी लागली. न्यू जर्सी व पेन्सिल्व्हेनिया या दोन संस्थानांची ही सीमा. आम्ही ज्या पुलावरून गेलों त्याच्या दक्षिणेस कांहीं मैलांवर, १७७६ सालीं नाताळच्या रात्रीं, बर्फाचे तुकडे वाहत असलेल्या या नदींतून जॉर्ज वॉशिंग्टन यानें होड्यांतून सैन्य पलीकडे नेलें आणि ट्रेंटनच्या छावणीवर छापा घातला. छापा म्हटल्यावर आमचें मन क्षणभर पुण्याच्या लाल महालांत जाऊन आलें, तेवढ्यांत नदी मागें पडलीही.

पलीकडे बक्स परगणा. चढउतारांचा सुरेख मुलूख आहे. दगडी भिंतींचीं जुनीं कोठारें, कापणी झालेलीं मक्याचीं शेतें, आणि मेपल-ओकच्या झाडांवर हळदीपासून कुंकवापर्यंतचे सर्व रंग. आपल्याकडे पानगळ म्हणजे केवळ धूळ आणि झाडणें. तेथें लोक ती पाहावयास मुद्दाम मोटारी घेऊन निघतात. शेतांच्या बांधांत वुडचक नांवाचा, दिसावयास घुशीसारखा परंतु खारीच्या कुळांतला, एक प्राणी मोठमोठीं बिळें करतो. शेतकऱ्याचा हा जुना वैरी, आणि म्हणून अशा मुलुखांत बिळांत शिरणाऱ्या कुत्र्याला पूर्वीं मान होता.

वाटेंत नातीनें आम्हांस या कुत्र्यांचें कुलवृत्त सांगितलें, तें तिच्या ठिकाणीं पाठ होतें. लॅटिन भाषेंतील 'टेरा' म्हणजे भूमि. त्यावरून फ्रेंचमार्गें इंग्रजींत टेरियर शब्द आला. १४८६ सालच्या 'बुक ऑफ सेंट ऑल्बन्स' या ग्रंथांतील कुत्र्यांच्या यादींत त्याचें नांव आढळतें. जॉन कायस या इंग्रज वैद्यानें १५७० सालीं इंग्लंडांतील कुत्र्यांवर लॅटिनमध्यें एक पुस्तक लिहिलें. त्यांत कोल्हे व बॅजर यांच्या बिळांत शिरून त्यांना बाहेर काढणारा, असें त्याचें वर्णन आहे. हें ऐकून आम्हांसही राहवेना. सुश्रुतानें बिळांत राहणाऱ्या प्राण्यांचा 'बिलेशय' म्हणून वेगळा वर्ग केला आहे. पाश्चात्त्यांनीं त्या वर्गाच्या पाठीवर जाणारा कुत्रा तयार केला, असें आम्हीं सांगितलें. मग सरमेची गोष्ट निघाली. पणींनीं गायी पळवून डोंगराच्या पोटांत कोंडल्या, तेव्हां त्यांचा माग काढण्यास इंद्रानें धाडली ती सरमा नांवाची कुत्री, ही ऋग्वेदांतील कथा. नातीनें ती लक्ष देऊन ऐकली आणि विचारलें, "आजोबा, ती परत कशी आली? तिला हांक कोणी मारली?"

इतकीं वर्षें संस्कृत शिकविलें. हा प्रश्न आम्हांस कोणाही विद्यार्थ्यानें केला नव्हता. त्या प्रश्नाचें कारण मात्र आम्हांस दुपारीं कळलें.

परीक्षेची जागा म्हणजे एक विस्तीर्ण कुरण. कांठाला पंधरा-वीस मोटारी, घडीच्या खुर्च्या, थर्मासांतील कॉफी, आणि पिंजऱ्यांत आपापल्या पाळीची वाट पाहणारे कुत्रे. आखूड पायांचे डॅक्सहुंड (हें नांव जर्मन, अर्थ बॅजर-कुत्रा), पांढरे वेस्ट हायलँड, ठिपक्यांचे रसेल. या रसेल जातीला ज्याचें नांव मिळालें तो डेव्हनचा एक पाद्री. १८१९ सालीं ऑक्सफर्डांत विद्यार्थी असतांना एका दूधवाल्याची कुत्री त्याच्या नजरेस भरली, ती विकत घेऊन त्यानें पुढें वंश वाढविला. पाद्रीबुवा शिकारीसाठीं चर्चइतकेच प्रसिद्ध होते म्हणतात. असो.

कुरणांत बीळ कोठें दिसेना. तें पुरलेलें होतें. नऊ इंच रुंद व नऊ इंच उंच असा लांकडी बोगदा जमिनींत गाडतात. दोन बाजू आणि छप्पर फळ्यांचें, तळ मात्र उघड्या मातीचा. त्याच्या टोंकाला एका पिंजऱ्यांत दोन उंदीर, आणि उंदरांच्या व कुत्र्याच्या मध्यें भक्कम गज. गणरायाचें वाहन असें कोंडलेलें पाहून आम्हांस प्रथम बरें वाटलें नाहीं. एकोणिसाव्या शतकांत लंडनमध्यें खड्ड्यांत उंदीर सोडून कोणाचा कुत्रा किती वेळांत किती मारतो यावर पैजा लागत. १८२३ सालीं बिली नांवाच्या कुत्र्यानें साडेपांच मिनिटांत शंभर उंदीर मारले, असें त्या वेळचे वृत्तांत सांगतात. येथें मात्र उंदराच्या केंसालाही धक्का लागूं देत नाहींत. त्यांची देखभाल करणाऱ्या बाईंनीं झांकण उचलून आम्हांस ते दाखविले. चांगले गुबगुबीत, पाळीव, आणि एक तर चक्क झोंपेंत होता. वरून कुत्रा भुंकतो आहे आणि हा आपला झोंपला आहे! "याला सवय आहे," बाई म्हणाल्या. आमच्याही वर्गांत असे कांहीं असत.

अमेरिकन केनेल क्लब ही संस्था १८८४ सालची. अर्थडॉग नांवाच्या या परीक्षा तिनें १९९४ पासून चालविल्या आहेत. कुत्र्याच्या रक्तांत पूर्वजांचें काम अजून शिल्लक आहे कीं नाहीं, हें पाहणें हा हेतु. अगदीं नवख्यासाठीं दहा फुटांचा, एका वळणाचा बोगदा. त्याला पास-नापासाची फारशी भीति नाहीं. त्याच्या वरची इयत्ता कनिष्ठ: तीस फूट, तीन काटकोनी वळणें, सोडल्यापासून तीस सेकंदांत उंदरांपर्यंत पोंचावयाचें आणि साठ सेकंद काम करावयाचें. काम म्हणजे भुंकणें, उकरणें, गजांवर झेपावणें, कांहींही; केवळ बसून राहिल्यास गुण नाहींत. सर्वांत वरच्या इयत्तेंत दोन कुत्रे जोडीनें धाडतात, वाटेंत अडथळे असतात, आणि बीळही त्यांनींच शोधावयाचें असतें.

आम्हांस सर्वांत नवल वाटलें तें वेगळ्याच गोष्टीचें. येथें पहिला नंबर नाहीं, दुसरा नाहीं. कुत्रा दुसऱ्या कुत्र्याशीं लढत नाहीं, ठरलेल्या मोजमापाशीं लढतो. सारे पास होऊं शकतात, सारे नापासही. सकाळीं एक डॅक्सहुंड बिळाच्या तोंडाशीं बसून राहिला आणि त्यानें आंत जाण्याचें साफ नाकारलें; तेव्हां त्याच्या मालकिणीचें समाधान करावयास ज्या बायका आल्या त्यांचेच कुत्रे पुढल्या पाळीचे होते. नंबरांच्या उतरंडी लावण्यांत आमची उभी हयात गेली. त्या कुरणांत बसून त्यांतलीं कांहीं नांवें आम्हांस आठवूं लागलीं, आणि तीं पहिल्या नंबराचीं नव्हतीं.

चिंचोका कनिष्ठ परीक्षा केव्हांच उत्तीर्ण झाला होता. आतां होती ती वरिष्ठ. तींतही बोगदा तीस फुटांचाच, परंतु वाटेंत फसवीं वळणें: एक खोटी गुहा, जींत वास भरपूर पण उंदीर नाहीं, आणि एक खोटी बाहेरची वाट. नव्वद सेकंदांत उंदरांशीं पोंचावयाचें, नव्वद सेकंद काम करावयाचें. इतपत बहुतेक कुत्र्यांना साधतें. खरी अडचण त्यापुढें. काम झालें कीं परीक्षक उंदीर काढून घेतात, आणि मालकानें हांक मारल्यावर नव्वद सेकंदांत कुत्र्यानें त्या अंधारांतून बाहेर आलें पाहिजे. उंदीर गेले तरी वास मागें राहतो. ज्यासाठीं तो जन्मला तें सारें त्या बिळांत, आणि बाहेर काय, तर एक हांक. चिंचोका उन्हाळ्यांत दोन वेळां नापास झाला होता तो याच प्रश्नांत. पदवीसाठीं तीन वेळां उत्तीर्ण व्हावें लागतें. त्याच्या खात्यावर एकही नव्हती, आणि वय आठ.

नातीनें त्याच्या गळ्यांतील पट्टा काढला. आंत कशांत अडकूं नये म्हणून कुत्रा उघड्या गळ्यानेंच सोडतात. वीस फुटांवरून तो सुटला तो बाणासारखा, आणि भोंकांत दिसेनासा झाला. त्यानंतर मालकानें तोंडांतून शब्द काढावयाचा नाहीं. थोड्याच वेळांत पायांखालच्या जमिनींतून भुंकणें घुमूं लागलें. उभ्या भूमीला कंठ फुटावा तसा तो आवाज. आमच्या अंगावर कांटा आला, हें कबूल करावयास लाज नाहीं. नव्वद सेकंद तो अखंड भुंकला. परीक्षकांनीं हात वर केला, उंदीर निघाले, आणि नातीनें हांक मारली, "कम! चिंचोका, कम!"

भुंकणें थांबलें, उकरणें सुरू झालें. तिनें पुन्हां हांक मारली. मग आणखी मोठ्यानें. तिसऱ्या-चौथ्या हांकेला तिचा आवाज चढला आणि फाटला. त्यांत धाक होता आणि रडें होतें. नव्वद सेकंद संपले. परीक्षकांनीं सौम्यपणें मान हलविली. चिंचोका त्यानंतर कितीतरी वेळानें, नाकावर मातीचा थर घेऊन, आपण कांहीं गुन्हा केला आहे याची गंधवार्ताही नसल्यासारखा बाहेर आला.

परततांना मोटारींत कोणी बोललें नाहीं. आमच्या कानांत तो चढलेला आवाज राहिला होता, कारण तो आमच्या ओळखीचा होता. पुष्कळ वर्षांपूर्वीं, आम्ही ज्या शाळेंत होतों तेथें, सहामाहीच्या संस्कृतच्या पेपरांत शून्य मिळालेला एक मुलगा रंगमंचाखालच्या अडगळींत जाऊन लपला. आम्ही कंदील घेऊन बाहेर उभे राहिलों आणि तासभर हांका मारल्या. आधीं नांवानें, मग आडनांवानें, मग छडीच्या नांवानें. तो आला नाहीं. तिन्हीसांजेला त्याची आजी आली. तिनें चपला काढल्या, त्या भोंकापाशीं मांडी घालून बसली, आणि घरांत जेवावयास बोलवावें तशी एक हांक मारली. पोर बाहेर आलें. आमच्याकडे न पाहतां तीं दोघें निघून गेलीं. पुढच्या जूनमध्यें तो शाळेंत आला नाहीं, आणि कां आला नाहीं हें विचारावयास आम्हीही गेलों नाहीं.

रात्रीं जेवणें झाल्यावर नातीनें विचारलें, "आजोबा, आजी त्याला कशी बोलवायची? कांहींतरी वेगळें म्हणायची ना ती?"

म्हणत असे खरी. आमचें कुटुंब कोंकणांतल्या घरांत वाढलेलें. तेथें अंगणांत कुत्रीं असत. पडद्यापुढें बसून तें "यू यू यू, चिंचोक्या, यू यू" असें करी, आणि आम्ही पलीकडे वर्तमानपत्र वाचतां वाचतां हंसत असूं. हें नातीस नुसतें सांगून भागेना; स्वर कसा, हें म्हणूनच दाखवावें लागलें. ज्या तोंडानें आजवर 'हाड' याखेरीज शब्द काढला नाहीं, त्या तोंडानें आम्हीं आयुष्यांत प्रथमच 'यू यू' म्हटलें. चिंचोका कोचाखालीं पेंगत होता. त्यानें कान उभे केले, तो धांवत आला; परंतु आमच्याकडे न येतां मेजावरच्या संगणकाकडे गेला, पुढचे पाय मेजावर टेकून त्या पडद्याच्या मागें डोकावला, आणि तसाच उभा राहिला. सूनबाई कांहींतरी आणावयाचें आहे असें म्हणून स्वयंपाकघरांत गेल्या.

रविवारीं पुन्हां तेंच कुरण, परीक्षक दुसऱ्या. चिंचोका सकाळीं अकराच्या सुमारास आंत गेला. त्या दिवशीं प्रथम खोट्या गुहेंत शिरून त्यानें वेळ घालविला, त्यामुळें उंदरांपाशीं पोंचतो कीं नाहीं याचीच चिंता होती; पण पोंचला, आणि कालच्यासारखेंच कामही केलें. उंदीर निघाले. नात बिळाच्या तोंडापाशीं गेली, ओल्या गवतावर गुडघे टेकून बसली, आणि हळूच, जवळच्या कोणाशीं बोलावें तशी म्हणाली, "यू यू यू, चिंचोक्या."

आमच्या हातांत घड्याळ होतें. तीस सेकंद गेले, पन्नास गेले. आंत उकरण्याचा आवाज चालूच. ती थांबून थांबून तेंच म्हणत राहिली, आवाज न चढवितां. सत्तरच्या पुढें कांटा गेल्यावर उकरणें बंद पडलें, आणि ब्याऐंशीव्या सेकंदाला मातीनें माखलेलें तें नाक बाहेर आलें. आजूबाजूच्या अनोळखी माणसांनीं टाळ्या वाजविल्या. आम्हीही वाजविल्या, चष्मा पुसावयास एक हात लागला, तेवढा वेळ सोडून.

तो त्या हांकेला आला कीं उकरून दमला होता, कीं काल उंदीर मिळाले नाहींत हें त्याच्या ध्यानांत होतें, कोणीं सांगावें? परीक्षकबाईंनीं मात्र तो कोणत्या भाषेंतला शब्द म्हणून विचारलें. नातीनें सांगितलें, "माझ्या आजीच्या."

संध्याकाळीं त्याला न्हाऊं घालण्याचा कार्यक्रम होता. माती पुष्कळ निघाली. चिरंजीव पाणी घालीत होते, नात साबण लावीत होती आणि पंचा धरण्याचें काम आमच्याकडे होतें. पंचा आमचाच, संध्येच्या वेळचा. दुसरा कोणास चटकन सांपडला नाहीं. तो पुढें आम्हीं त्यालाच दिला.

नोव्हेंबरांत आम्ही परत आलों. २०२५ च्या एप्रिलांत तो पुन्हां बसला आणि नापास झाला. या खेपेस खोट्या गुहेंतच बैठक मारून राहिला, असें नातीनें रविवारीं सांगितलें. मे महिन्यांत आणखी एक परीक्षा होती. तिची हकीकत सांगण्यापूर्वीं तिनें दूरध्वनि खालीं, कुत्र्याच्या उंचीला धरला आणि म्हणाली, "आजोबा, आधीं तुम्ही हांक मारा."